गोळीचे दिवस

पाळी गेल्यापासून काळेवाडीत ब्लाउज शिवणाऱ्या रंजनाताईंच्या अंगाची भट्टी झाली होती. हार्मोनच्या औषधांनी ती विझली, पण त्यांतली प्रोजेस्टेरॉनची गोळी महिन्यातले काही दिवसच असायची, त्या दिवसांत पोट फुगायचं. ताई गिऱ्हाइकांवर खेकसायच्या, मग मशीनवर डोकं टेकून रडायच्या. नवरा ज्योतीराम नेमका तेव्हाच चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम मागायचा.

"गोळीच बंद करते," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या.

"मनानं बंद करू नका, गर्भाशयाच्या अस्तराला तिचीच राखण आहे. काहींना ही सोसत नाही. आपण दुसरी देऊन बघू."

दुसरी बऱ्यापैकी मानवली. एका सकाळी त्या खेकसल्या, तसा ज्योतीराम धास्तावला. "गोळी सुरू झाली का गं?"

"नाही. ओला टॉवेल गादीवर टाकलाय तुम्ही!"