‘पुसलं का’ एवढंच इचारायचं हुतं

अलका गेली त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी घरी तिचा गाऊन धूत हुते. दवाखान्यातनं नर्सबाईचा फोन आला. “आजी, तुमी या,” एवढंच म्हनली. मी इचारलं न्हाई काही. गाऊन पिळला, दोरीवर टाकला, मंग निघाले. दोन वरसं तिच्या किडन्यांचं चाललं हुतं, आठवड्यातनं दोनदा मशीनवर निजायची. आदल्या दिवशी मला म्हनली, “आये, तू घरी जाऊन जरा पाठ टेक, बस एवढंच कर.” मी गेले… आन् ती ऱ्हायली न्हाई. वय चव्वेचाळीस. एकच लेक हुती मला.

ह्याला आता दीड महिना झाला. रडन्याचं सांगायला मी बसले न्हाई. आमच्या भावकीत, शेजारात, नागापूरच्या तिच्या वर्कशॉपात लई जनांना म्हाईत हाय, की अलकाच्या हलगर्जीपनानं एका पोरीचा पाय गेला. त्ये खोटं हाय. आन् त्ये सगळीकडं सांगनारी मीच हाय. म्हनून ह्ये लिहवून घेतीय.

आमी पाथर्डीकडचे. ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला जायचो. अलका तीन वर्सांची हुती तव्हा तिचा बाप ट्रॉलीखाली सापडला. फडातच, बायांनी माझं कुंकू पुसलं, पाचटावर बसवून. मी बाविशीची. दीर म्हनला, ऱ्हा गावात. मी न्हाई ऱ्हायले, पोरीला घेऊन नगरला आले, नागापूरला एका कारखान्यात झाडलोट धरली. अलकाला शिकीवलं. आयटीआय केलं तिनं, मीटरच्या सर्किटच्या पट्ट्यांना डाग द्यायचं काम करायची, हात असा बारीक की बघत ऱ्हावं. लगीन केलं, त्ये दोन वर्सं टिकलं. माघारी आली तव्हा पेटी घेऊन दारात उभी ऱ्हायली, म्हनली, “आये, जागा हाय का?” म्या म्हनलं, “तुझीच हाय, आत ये.” त्याच्या पुढं आमी दोघीच.

डोंगरात नकाशा घेऊन पळायच्या शर्यती आसत्यात. ठिकठिकानी डब्या लावलेल्या, त्या हुडकायच्या. पळनाऱ्याच्या बोटाला एक काडी आडकवल्याली आसती. डबीत काडी घातली की पीप वाजतं, टाइम काडीत बसतो, माघारी आलं की कॉम्प्युटर काडी वाचतो आन् निकाल लावतो. ह्या डब्या बिघडल्या की अलकाला बोलवायचे. रविवारी जायची. पाटंचं उठून सगळा डोंगर आदी स्वता फिरायची, एक-एक डबी वाजवून बघायची. मी म्हनायचे, “तू पळती का डब्या पळत्यात?” ती म्हनायची, “डबी गप बसली तर पळनाऱ्याचं पळनं वाया जातं, आये.”

सात वरसांमागं एका कॉलेजची शर्यत हुती, नगरच्या बाहेर टेकड्यांवर. मी तिची भाकरी घेऊन गेल्ते. सकाळी पोरं पळाली, मंग त्याच काड्या पोरींना द्यायच्या हुत्या. काडी दुसऱ्याला द्यायच्या आदी पुसावी लागती, न्हाईतर पयल्याचं सगळं त्यात तसंच ऱ्हातं. त्यासाठी एक पुसायची डबी, आन् तिच्यापुढं तपासायची डबी. काडी पुसलेली नसंल तर तपासायची डबी वाजतच न्हाई, मंग त्या पोरीला माघारी धाडायचं. ती तपासायची डबी पोरांची शर्यत झाल्यावर मेली. दुसरी न्हवती. इकडं पोरी रांगेत उभ्या, सर लोक घाई करत्यात. अलका मला म्हनली, “आये, तू हितं उभी ऱ्हा. हरएक पोरीला इचार, पुसलं का. व्हय म्हनली तर सोड.” आन् ती कॉम्प्युटरकडं पळाली.

मी उभी ऱ्हायले. पयलीच पोरगी आली, कपाळाला बारीक टिकली, डोंगराकडं बघत हुती. माझ्या तोंडातनं शब्द निघंना. पोरगी घरातनं निघाली, डोंगरात चालली, आन् माझ्यासारखीनं तिला म्हनावं पुसलं का? बांगडी फुटली तर आमी वाढली म्हनतो, दिवा मालवताना वाढवला म्हनतो, निघताना जाते म्हनत न्हाई, येते म्हनतो. मला दुसरं येत न्हाई. म्या इचारलं, “वाढवलं का गं?”

“व्हय आजी!” म्हनली आन् गेली. दुसरीला इचारलं, तीबी व्हय म्हनली. एक हसली, “आजी, स्पीड व्हय? लई वाढवलाय!” मागच्या सगळ्या हसल्या. मलाबी बरं वाटलं, म्हनलं, हसत गेल्या. रेटारेटी हुती, कुनी काडी घातली आन् वाजायच्या आदीच काढली, कुनी घातलीच न्हाई. मला काय कळतंय. सगळ्या व्हयच म्हनत हुत्या.

एक वाजता कॉम्प्युटरपुढं गोंधळ. पोरींच्या नावापुढं सकाळच्या पोरांचे टाइम. कोपरगावकडचा एक सर वरडायला लागला, “ओ मॅडम, आमची पोरगी पळायच्या आदीच पोचली म्हनतोय तुमचा कॉम्प्युटर! भांग पाजली का त्याला?” दुसरा म्हनला, “आमची तर नावानं गनेश झाली!” कपावरनं भांडनं. कोन पयली, कोन दुसरी, दीड-दोन तास त्यातच गेले. अलकानं तीनदा सांगितलं, “सर, निकाल ऱ्हाऊ द्या, आदी पोरी मोजा.” कुनी ऐकंना. कॉम्प्युटर म्हनत हुता सगळ्या आल्या, कारन त्याच काड्यांच्या सकाळच्या खुना त्यानं धरल्या हुत्या. डबीतबी काडीचा नंबर ऱ्हातो, म्हनून शेवटी तिनं शर्यत संपती तिथली आखरीची डबी उपसून काढली, तिच्यातले नंबर दुपारच्या टायमाचे तेवढे कागदावर लिहिले, पेनानं एकेक टिक केलं. एकतीस नंबरची काडी आलीच न्हवती.

ती प्रियांका. सतरा वर्सांची. साडेचारला घावली, ओढ्यातल्या खडकावर, कडेवरनं घसरलेली. उन्हातच पडून. व्हट फुटलेले, कमरंखाली पाय उलटा. तिला चादरीत घालून आनताना मी बघितलं. दोन ऑपरेशनं झाली, तरी डावा पाय वाळला.

कॉलेजच्या लोकांनी इचारलं, आसं कसं झालं. अलका म्हनली, “तपासायची डबी मी सकाळी बघितलीच न्हाई. चूक माझी.” त्याच्यानंतर कुनी तिला शर्यतीला बोलवलं न्हाई. आन् घरात मी तिला बोल लावत हुते. पाहुना आला, अलका काय करती म्हनला, की मी सांगायची, “ती काय करती, एका लेकराचा पाय घालवून बसलीय.” तिच्या पुढ्यात म्हनायची. ती जेवत आसायची. एकदा निस्तं म्हनली, “आये, मीठ दे.” सात वरसं म्या तिला ह्ये ऐकवलं. वाटायचं, आई हाय मी, मी न्हाई तर कोन शिस्त लावनार.

दहाव्याला प्रियांका आली, कुबडी घेऊन, रिक्षानं. आता तिचं झेरॉक्सचं दुकान हाय, त्यातला कॉम्प्युटर अलकानंच लावून दिल्याला. अलका म्हैन्याला तिच्याकडं जाती ह्ये मला ठावं हुतं, पाप फेडायला जाती आसं मी समजत हुते. मानसं पांगल्यावर मी तिच्यापुढं हात जोडले, म्हनलं, “माझ्या लेकीला माफ कर.” तिनं माझे हात खाली केले. मंग म्हनली,

“आजी, तुमी त्या दिवशी मला काय इचारलं हुतं, आठवतंय?”

“वाढवलं का.”

“मला वाटलं पानी पिऊन घेतलं का, तसं काहीतरी इचारताय. मी व्हय म्हनले. माझीबी काडी पुसलेली न्हवती. दवाखान्यात अलकाताईंना मी ह्ये सांगितलं.  त्या म्हनल्या, ह्ये कुनाला सांगू नको, आयेला तर मुळीच न्हाई.”

मी जमिनीवर बसले.  

प्रियांकानं अलकाच्या टेबलाचा खन उघडला. आत एक लाल काडी, अलकाची स्वताची. म्हनली, “ही त्यांनी मला दाखवली हुती, कधी पुसली न्हाई.” लॅपटॉपला लावली आन् मला वाचून दाखवलं. तारीख त्याच दिवसाची. सहा चाळीसला पुसलं. सहा एक्केचाळीसला तपासलं. मंग डोंगरातली एकेक डबी, कुठं किती वाजता उभी हुती त्ये सगळं. म्हंजी तपासायची डबी तिनं सकाळी वाजवून बघितली हुती. वाजत हुती. ह्यो पुरावा तिच्याकडं सात वरसं हुता. दाखवला आसता तर पुढचा सवाल आला आसता, मंग डबीच्या जागी कोन उभं हुतं…

प्रियांकानं त्याची चिठ्ठी छापून दिली, पळनाऱ्याला देत्यात तशी, लांब बारीक. पयल्या वळीला पुसलं, दुसऱ्या वळीला तपासलं. आता ती घेऊन मी हिंडतीय. जिथं-जिथं मी बोलले, त्या-त्या घरी. ह्ये लिहून घेनारीबी प्रियांकाच हाय. मधी म्हनली, “आजी, कुंकवाचं गाळू का?” म्या म्हनलं, “काही गाळू नको.”

परवा धाकट्या जावंकडं गेल्ते. तिनं चिठ्ठी हातात घेतली, उलटी-सुलटी केली, म्हनली, “आक्का, अलका तर गेली. आता ह्याचा काय उपयोग?”

म्या म्हनलं, “वाच. दुसरी वळ वाच. मोठ्यानं वाच.”