आत्याबाईंचा हातगुण आणि सत्तेचाळिसावं गुणसूत्र

आत्याबाई कुणाच्याच आत्या नव्हत्या. सख्खा भाऊ नव्हता, चुलत भावाशी बोलणं नव्हतं. तरी प्रयोगशाळेत झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत, कारण दुसऱ्याच्या घरात शिरून नावं ठेवायचा हक्क त्या आत्याच्या थाटात बजावत. फरशी ओली असली तर झाडूवाल्याला, आणि अहवाल कोरडा असला तर साहेबांना.

त्यांचं काम माणसाच्या मूळपेशी वाढवायचं. मूळपेशी म्हणजे पुढे काय व्हायचं हे अजून न ठरवलेल्या पेशी. नीट समजूत घातली तर डोळ्याच्या होतात, हृदयाच्या होतात. पण लाड भारी. रोज डिशमधला गुलाबी, पातळ खाऊ बदलायचा, रविवार नाही की आजारपण नाही. डिश भरली की चांगले पुंजके सुईसारख्या टोकाने उचलून नव्या डिशमध्ये बसवायचे. या उचलण्यात आत्याबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की त्यांची टकळी सुरू व्हायची.

"ही बघा कशी गोल गरगरीत! चल गं तू. आणि ही मेली, चार दिवस नुसतं खाल्लं आणि आहे तेवढीच. जा मोरीत."

रेंगाळणाऱ्या पेशी मोरीत आणि जोमदार पेशी पुढच्या डिशमध्ये, असं अकरा वर्षं चाललं होतं. इतरांची डिश भरायला पाच दिवस लागत, आत्याबाईंची चार दिवसांत भरे. अलीकडे तर तीन. विचारलं की त्या हात पुढे करून दाखवत आणि म्हणत, "हातगुण लागतो."

घरी त्या आणि धाकटी बहीण, दोघीच. धाकटी घड्याळं दुरुस्त करायची. तांदळाच्या कणाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारी बाई, आणि तिच्याच नजरेच्या मधोमध राखाडी डाग पडला. कडेचं दिसे, समोरचं पुसट. माणूस ओळखायला ती मान वळवून तिरकं बघायची, त्यामुळे शेजारीण वर्षभर समजत होती की हिला भलताच माज आलाय. गैरसमज दूर करायला धाकटीने काडीचाही प्रयत्न केला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात सहा जणांवर नवा उपचार होणार होता. आत्याबाईंच्या पेशींपासून डोळ्याच्या पडद्यामागचा थर बनवून तो डोळ्यात बसवायचा. यादीत धाकटी चौथी होती. पेशी शुक्रवारी रवाना व्हायच्या होत्या.

मंगळवारी मोजणीदार आला.

मोजणीदार म्हणजे गुणसूत्रं मोजणारा. पेशी फुगवायच्या, वितभर उंचीवरून काचेवर त्यांचा थेंब टाकायचा, त्या फुटल्या की आतली गुणसूत्रं काचेवर पसरतात. मग रंगवून मोजायची. माणसाची सेहेचाळीस. वीस वर्षं रोज सेहेचाळीस मोजल्यावर चेहऱ्याचं जे होतं ते त्याचं झालं होतं. त्या दिवशी मात्र चेहरा वेगळा होता.

"आत्याबाई, विसातल्या तीन पेशींत सत्तेचाळीस निघाली."

"दुसरा चष्मा घाला."

"दोन्ही घालून बघितलं. तिन्हींत बारा नंबरचं एक जादा आहे."

"तीन महिन्यांपूर्वी तुम्हीच सही केली होती की सगळं ठीक म्हणून!"

"तेव्हा ठीकच होतं. काचेतल्या पेशी अशाच बिघडतात. एखादीला जादा बारा मिळतं, ती सहज मरत नाही, भराभर वाढते. डिशमध्ये छान गुटगुटीत दिसते. डोळ्यात गेल्यावर ती थांबेल का गाठ करील, ते मला नका विचारू."

आत्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षांच्या मेहनतीला हा भिंगवाला गाठ म्हणतो! त्यांनी त्याच्या काचा, त्याचे रंग, त्याची वीस वर्षांची नोकरी, सगळ्याचा उद्धार केला. तो ऐकून घेत उभा राहिला, कारण आकडा त्याच्या बाजूने होता.

साहेब मधे पडले. दवाखान्याला तारीख देऊन बसलेला माणूस. "नमुना घेताना काही गडबड झाली असेल. दुसरी डिश मोजू. विसात वीस ठीक आल्या तर शुक्रवारी पाठवू. आत्याबाई, एक चांगली डिश काढून द्या."

इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचं, दार उघडून आत्याबाई उभ्या राहिल्या. वरच्या फळीवर शुक्रवारच्या चोवीस डिशा, काठोकाठ भरलेल्या, तीन दिवसांत. खाली कोपऱ्यात एक डिश टाकून द्यायची राहिली होती. तिच्यातले चांगले पुंजके त्यांनी कधीच उचलून नेले होते. उरलेल्या पेशी रडतखडत वाढत होत्या, पाच दिवसांच्या चालीने.

मोजणीदाराचं बोलणं आता कुठे डोक्यात शिरलं. भराभर वाढते. गुटगुटीत दिसते. ती एक बिघडलेली पेशी डिशमध्ये कुठून तरी आली असेल, पण तिला उचलून, जागा देऊन, बाकीच्यांना मोरीत ढकलून तिचं राज्य कुणी आणलं? या हाताने. आत्याबाईंनी दार लावलं, पुन्हा उघडलं.

धाकटीचा डॉक्टर म्हणाला होता, उशीर केला तर बसवलेला थर धरणार नाही. विसातल्या तीनच तर आहेत, त्या स्वतःला म्हणाल्या. गाठ होईल असंही कुठे ठरलंय. आणि त्यांनी खालच्या कोपऱ्यातली डिश उचलून मोजणीदाराच्या हातात दिली.

गुरुवारी निकाल आला. विसात वीस, सगळ्या सेहेचाळीस. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मोजणीदार कप घेऊन आत्याबाईंकडे बघत राहिला.

संध्याकाळी घरी आल्या तर धाकटी आपली अवजारांची पेटी उघडून बसली होती. एकेक चिमटा तेलाच्या फडक्याने पुसत होती, बोटांनी चाचपून.

"ताई, माझ्या वाटणीच्या पेशी कशा आहेत गं?"

"एकदम फर्स्ट क्लास. तुझ्यासाठी निवडून ठेवल्यात."

बोलल्या आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. धाकटी चिमटा पुसत गुणगुणत होती. आत्याबाई ताटावरून उठल्या, पोट बिघडल्याचं सांगून आडव्या झाल्या आणि छताकडे बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा नावं ठेवायला त्यांना स्वतःशिवाय कुणी सापडत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पेशी न्यायची पेटी आली तेव्हा आत्याबाई साहेबांच्या खोलीत गेल्या. मोजणीदारालाही बोलावलं.

"मंगळवारी दिलेली डिश टाकाऊ होती. स्वच्छ निघणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच दिली. पेटीत जायच्यात त्या डिशा तशा नाहीत. आणि त्या बिघडल्या माझ्या निवडीमुळे. अकरा वर्षं मी देखण्या तेवढ्या पुढे नेल्या."

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. "दोन वर्षं मागे जाऊ आपण. आणि तुमची बहीण…"

"यादीत चौथी आहे. म्हणून तर हे केलं ना मी," आत्याबाई म्हणाल्या आणि हमसून हमसून रडल्या. प्रयोगशाळेने त्यांना ओरडताना रोज ऐकलं होतं, रडताना कधी पाहिलं नव्हतं. झाडूवाला दारातून परत फिरला.

मग डोळे पुसून त्यांनी चोवीसही डिशांत ब्लीच ओतलं, स्वतःच्या हाताने. कुणालाही हात लावू दिला नाही. गुलाबी रंग उडाला.

द्रव नायट्रोजनच्या टाकीत नऊ वर्षांपूर्वी गोठवलेल्या पेशींची एक कुपी होती, सेहेचाळीसची खात्री झालेली. तिच्यापासून पुन्हा सुरुवात करायचं ठरलं.

घरी जाऊन त्यांनी धाकटीला सगळं सांगितलं, खोटी डिश दिल्याचंही.

"दोन वर्षांनी काही उपयोग होईल माझ्या डोळ्याला?"

"माहीत नाही गं."

"हं." तिने अवजारांची पेटी बंद केली. कडी लावायला दोनदा चुकली. "जाऊ दे. तुझं तोंड मला दहा वर्षांपूर्वीचं आठवतंय. तेव्हा तू बारीक होतीस. तसंच राहू दे." आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ती आत्याबाईंशी बोलली नाही.

आता नव्या पेशी पाच-पाच दिवस लावतात. आत्याबाईंना पुंजके निवडायला बंदी आहे, आणि ती त्यांनी स्वतःच लिहून दारावर चिकटवली आहे. सगळी डिश खरवडायची, देखणी-रडकी सगळी एकत्र, आणि पुढे न्यायची. एखादा गरगरीत पुंजका दिसला की हात अजून शिवशिवतो. तेव्हा त्या स्वतःलाच नावं ठेवतात, मोठ्याने.

महिन्यातून एकदा मोजणी होते. त्या दिवशी घरात पाऊल टाकायच्या आत धाकटीचा आवाज येतो, "किती?"

"सेहेचाळीस."

"सगळ्यांत?"

"विसात वीस."

धाकटी मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने त्यांना नीट बघून घेते. मग विचारते, "डिश कुणी काढून दिली?"

"मोजणीदार स्वतः येऊन घेऊन गेला," आत्याबाई सांगतात. "मी बाहेर उभी होते."

"मग ठीक आहे," धाकटी म्हणते. "जेवायला बस."