मल्हारीनं सांगितलेला आकडा

सूर्यभान धनगराच्या घरात मेंढ्या मोजायची रीत नव्हती. म्हणजे मोजायच्या, पण मनातल्या मनात. दिवस कलला की कळप वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात शिरायचा. सूर्यभान बाजूला उभा राहून नुसती नजर फिरवायचा, आणि एखादी मागं राहिली असली तर त्याला बरोबर कळायचं. तोंडातून आकडा मात्र काढायचा नाही. नजर लागते. कुणी विचारलंच, "किती हायेत हो पावणं?", तर उत्तर ठरलेलं, "खंडोबाच्या हायेत." तलाठ्याला तेच, सोयऱ्याला तेच.

मल्हारी या सूर्यभानचा धाकटा. वैजापूरकडच्या माळावर मेंढरांमागं वाढला, पशुसंवर्धनाचा डिप्लोमा केला आणि घरीच बसला. इथं मेंढपाळाला मान कोण देतो? बांधावर पाय ठेवला की शेतवाला काठी घेऊन धावतो, कुरणात शिरलं की जंगलखात्याचा गार्ड कळप अडवतो. मग एक दिवस त्यानं मोबाईलवर न्यूझीलंड पाहिलं. हिरवे डोंगर, त्यावर पांढरीशुभ्र मेंढरं, आणि त्यांचा मालक ताठ मानेनं गाडीतून उतरणारा. तिथं मेंढीपालनाचा कोर्स होता, कोर्स केला की काम होतं. फक्त आधी इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा चारही भागांत सहा बँड, म्हणजे नऊपैकी सहा गुण आणायचे.

"कर," सूर्यभान म्हणाला. "तुझ्या पिढीला तरी कुनी हाकलू नये."

मल्हारी शहरात आला. दिवसा गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात थानं उलगडायची आणि संध्याकाळी क्लास. दुकानातला जुना नोकर रामकिसन त्याचा परीक्षक व्हायचा. त्याला इंग्रजीतले दोनच प्रश्न येत, पण रुबाब साहेबाचा.

"व्हाट इज युवर नेम?"

"माय नेम इज मल्हारी."

"जोरात बोल की मियाँ! साहेबाला ऐकू नाय गेलं तर तिकडची मेंढरं उपाशी मरतील."

मल्हारी हसायचा. गिऱ्हाईक नसलं की साड्यांच्या ढिगालाच इंग्रजीतून आपलं गाव सांगायचा. ऐकणं जमलं, वाचणं जमलं, लिहिणंही रडतखडत जमायला लागलं. बोलण्याचं मात्र अवघड होतं, कारण क्लासात पोरं हसायला टपलेलीच असायची.

एकदा मॅडमनी त्याला समोर बसवलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरी मेंढ्या किती आहेत?"

"देवाच्या आहेत," तो इंग्रजीत म्हणाला.

क्लास खदखदा हसला. मागून एक पोरगा म्हणाला, "हैत का खरंच, का भाड्यानं आणतो फोटो काढायला?"

"शांत बसा रे," मॅडम म्हणाल्या. "मल्हारी, असं गोलगोल उत्तर चालत नाही. परीक्षकाला नेमकं पाहिजे. आकडा सांग."

मल्हारीच्या कानशिलाची शीर तडतडली. बापानं जन्मात उच्चारला नव्हता तो आकडा त्यानं खणखणीत इंग्रजीत सांगितला. वर त्यात गाभण किती, कोकरं किती, तेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड." मल्हारी छाती काढून आपल्या जागेवर जाऊन बसला.

त्याच महिन्यात कळपात रोग शिरला. मेंढरांच्या नाकातोंडातून पाणी, मग हगवण, मग पाय ताणून आडवी. मल्हारी गावी पोचला तेव्हा त्याची आई कस्तुराबाई मेलेल्या मेंढीजवळ बसून तिच्या कोकराला दुसरीच्या कासेला लावत होती आणि ती दुसरी लाथा मारत होती.

नजर-बिजर काही नसतं. जनावरांच्या दवाखान्यात लस नव्हती, एवढंच खरं. सूर्यभान हेलपाटे घालून थकला, आणि दर वेळी उत्तर एकच, "वरून आली नाही." वरून म्हणजे कुठून, आभाळातून? गरिबाचं जनावर मेलं की पंचनाम्यालासुद्धा कुणाला सवड नसते. मल्हारीला हे सगळं कळत होतं. त्या रोगाचा अख्खा धडा त्यानं डिप्लोम्याला वाचला होता.

पण मेलेल्या मेंढरांचा खड्डा बुजवताना सूर्यभाननं सहज विचारलं, "कुनाला आकडा सांगितला व्हता का रं घरातून?"

"नाय आबा," मल्हारी म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी समोर पिकल्या केसांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. गाव विचारलं, त्यानं सांगितलं. घरचा धंदा विचारला, तोही त्यानं नीट सांगितला. बाईला खरोखर कौतुक वाटलं असावं. तिनं पुढं वाकून विचारलं, "अरे वा! किती मेंढ्या आहेत?"

जुना आकडा आता खोटा होता. नवा सांगावा तर उरलेल्यांचं काय? बाईनं थोडं थांबून प्रश्न बदलला, शहराबद्दल विचारलं, सणांबद्दल विचारलं. त्याला समोर आडवी पडलेली मेंढरंच दिसत होती. तो एकेक शब्द तोडून टाकत राहिला.

तीन भागांत सहाच्या वर आले. बोलण्यात अर्धा बँड कमी पडला. कोर्सवाल्यांनी त्याचा अर्ज बाजूला ठेवला.

तो गावी गेला तेव्हा सूर्यभान वाघरीची तुटलेली जाळी सांधत बसला होता.

"आबा, म्या क्लासात आकडा सांगितला व्हता. रोगाच्या आदी. परीक्षेत इचारला तवा नाय सांगितला, म्हनून ऱ्हायलो."

म्हाताऱ्याचे हात थांबले.

"मंग परीक्षेत का नाय सांगितला?"

"तोंडातून निघंना."

"परत बस परीक्षेला."

"नाय बसत आता."

"बस म्हन्तो ना! इचारलं तर सांग बिनघोर." सूर्यभाननं जाळी मांडीवरून खाली टाकली. "आता कुनाची नजर लागायची राह्यली हाये?"

उरलेली मेंढरं एका कोपऱ्यात अंगाला अंग घासून उभी होती. मल्हारीनं त्यांच्यावरून नजर फिरवली. लगेच मोजून झाली.