ऑपरेशनच्या सकाळचा भात

आमची कुत्री खोकायला लागली तेव्हा आईनं ठरवूनच टाकलं, घशात काटा अडकला. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठचं आमचं पुनर्वसनाचं गाव. घरात मासोळी रोजची, कुत्रीला डोकी रोजची. काटा अडकला की आमच्याकडे कोरड्या भाताचा घास न चावता गिळायला लावतात. आईनं तिलाही तसेच गोळे चारले. खोकला काही जाईना. ओट्यावर चढतानाही ती धापा टाकू लागली, तसा मी घाबरलो आणि तिला नागपूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी छातीचा फोटो काढला. काळ्या फुप्फुसात लिंबाएवढा पांढरा डाग.

"काटाबिटा नाही, गाठ आहे. एकच दिसते. छाती उघडून फुप्फुसाचा तेवढा भाग काढावा लागेल. भूल सोसली तर वाचेल."

तो 'तर' ऐकूनही मी ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपासून काही चारायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. मी आईला घरी पुन्हा सांगितलं. सकाळी गाडीत ती कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. दवाखान्यात कुत्रीच्या छातीवरचे केस काढले, पायात सुई लावली. मॅडमनी भुलीचं इंजेक्शन हातात घेतलं आणि आई म्हणाली, "थांबा जी मॅडम. मी इले भात चारला."

"कवा?" मी खेकसलोच.

"निघताना. छाती चिराले चालली, उपाशीपोटी कशी धाडू मी?"

मॅडमनी इंजेक्शन खाली ठेवलं. भुलीत उलटी झाली असती तर तोच भात फुप्फुसात गेला असता, म्हणाल्या, गाठीआधी भातानंच मेली असती. आई भिंतीला टेकून खालीच बसली. मला तिचा असा राग आला होता की काय सांगू, पण तिला तशी पाहून मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. आम्ही बाहेर बाकावर. दार करकरलं की मी उठून उभा राहायचो. अखेर गाठ निघाली. कुत्री शुद्धीवर आली, छातीत नळी. संध्याकाळी मॅडमनी वाटीत मऊ भात दिला. "आता थोडा चारा, आई."

आईनं वाटी घेतली. कुत्री पडल्यापडल्या तिच्याकडे बघून शेपटी हलवत होती.

"आता चालते ना जी?" आईनं विचारलं. चालते, मॅडम म्हणाल्या. तिनं पुन्हा विचारलं. तरी तिचा हात पुढे होईना. शेवटी तिनं वाटी माझ्याकडे सरकवली.

"तूच चार बाबू. मले भेव लागते."