पाण्यात बोलणाऱ्या अंबुजाक्का

नागेशचा फोन आला तेव्हा मी सायकलच्या दुकानात उभा होतो, मागचं टायर बदलून घेत. नागेश म्हणजे माझ्या घरमालकीणबाईंचा मुलगा, हुबळीला असतो. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघालं, "किती वेळात?" ... गेलं वर्षभर अक्कांच्या बाबतीत मी हा एकच प्रश्न विचारत आलो होतो, पोहणं किती वेळात, सायकल किती वेळात, आणि त्या दुपारी जीभ सवयीनेच वळली. नागेशला त्यात काही वावगं वाटलं नसावं. "अर्ध्या तासात," तो म्हणाला. अक्का चार दिवस त्याच्याकडे राहायला गेलेल्या, जेवण झालं, डोकं दुखतंय म्हणून आडव्या झाल्या आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचल्या नाहीत. मेंदूतली शीर फुटली होती. मी फोन ठेवला आणि दुकानदाराला म्हणालो, नवं राहू दे, जुनंच बसव. का म्हणालो ते मला अजून सांगता येत नाही.

अंबुजाबाई इंगळे, वय वर्षं बासष्ट, राहणार लष्कर मोहल्ला, म्हैसूर. त्यांचे पूर्वज कधीकाळी इथल्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले आणि परत जायचं राहून गेलं. खाली त्या राहत, वर आठ वर्षांपासून मी. त्यांच्या मराठीत पिढ्यांचं कानडी इतकं मुरलेलं होतं की पहिले सहा महिने मला अर्धंच कळायचं. "अप्पा, नळाला नीरु आलं, बेगा भरून घे," असं जिन्यातून ओरडत, आणि मी नीरु म्हणजे पाणी आणि बेगा म्हणजे लवकर हे समजून खाली उतरेपर्यंत नळ गेलेला असे. मी त्यांना सुरुवातीला काकू म्हणालो तर त्यांनी मला थांबवलं. काकू त्यांच्या सासूबाईंना सगळे म्हणत, सबब अक्का म्हण. नोकरी एका सोसायटीत कारकुनाची, तीस वर्षं रोज सायकलवरून. यजमान किशनराव सहा वर्षांपूर्वी गेले. बोलणं हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता असं म्हटलं तरी चालेल. भाजीवाला, मीटर बघायला आलेला माणूस, चुकून लागलेला फोन, कुणाचीही सुटका पंधरा मिनिटांच्या आत होत नसे.

आता माझं सांगायला हवं, कारण हे सगळं माझ्यामुळे सुरू झालं. मी सोलापूरचा. आमच्याकडे पाणी टँकरमधून येताना बघायची सवय, त्यात उतरायची नाही. तरी चाळिशी जवळ आली तशी ऑफिसातल्या लोकांचं बघून मी ट्रायथलॉनच्या नादी लागलो. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये विश्रांती नाही. लांबलचक अंतर झेपणार नव्हतं म्हणून सर्वांत छोटी स्पर्धा निवडली : साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं. हलकी सायकल घेतली, नाडी मोजणारं घड्याळ घेतलं, तरणतलावात तीन महिने क्लास लावला. मोसमातल्या पहिल्या स्पर्धेत तलावात ऐंशी मीटर गेलो, खाली पाय टेकवून बघितला, तळ लागला नाही, आणि मी बोंब मारली. दोघांनी मला छोट्या होडीत ओढून घेतलं. किनाऱ्यावर बायकामुलांनी टाळ्या वाजवल्या, ते सर्वांत वाईट.

घरी येऊन अक्कांना सांगितलं, सायकल पंक्चर झाली. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, दोन्ही चाकं टणक होती. मग माझ्याकडे पाहिलं आणि कानाजवळून शेवाळाचा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. काही बोलल्या नाहीत. अक्का काही बोलल्या नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर होतं. संध्याकाळी वर आल्या आणि म्हणाल्या, रविवारी माझ्याबरोबर नंजनगूडला यायचं.

नंजनगूड त्यांचं माहेर. कपिला नदीच्या काठी त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, आणि भावंडांत पोहण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मला पहिल्यांदा त्या पॅसेंजरमध्ये बसल्यावर कळलं. लग्न करून लष्कर मोहल्ल्यात आल्या आणि अडतीस वर्षं पाण्याशी संबंध बादलीपुरता. किशनराव भला माणूस, पण पाण्याला इतके भ्यायचे की धरण बघायला गेले तरी गाडीतून उतरत नसत. बायकोला नको म्हणाले नव्हते कधी, पण अक्कांनी विचारलंही नव्हतं. घाटावर पोचल्यावर अक्कांनी साडीचा काष्टा घातला, संथ पाणी बघून पायऱ्या उतरल्या आणि माझ्याशी बोलता बोलताच पोहायला लागल्या. मान वर, बेडकासारखे हातपाय, तोंड चालू. पंधरा-वीस हात जाऊन परत आल्या. मी विचारलं, इतक्या वर्षांनी कसं वाटतंय. "नीरु तेच आहे," त्या म्हणाल्या, "मी जाड झाले."

मग मला उताणं निजवलं आणि पाठीखाली हात ठेवला. मी हातपाय झाडायला लागलो. "पाण्याशी भांडतोस कशाला, अप्पा? सुम्ने पडून राह." सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. आणि त्यांनी मला त्यांच्या मावसबहिणीच्या लग्नाची हकीकत सांगायला घेतली. वऱ्हाड चुकून शेजारच्या मांडवात गेलं, तिथे पोटभर जेवलं, आहेर देऊन आलं, आणि इकडे नवरीकडचे लोक रस्त्यावर उभे. ही हकीकत काही लवकर संपणारी नव्हती. नवरदेवाच्या काकांनी दुसऱ्यांदा होळिगे, म्हणजे पुरणपोळी, मागितली, तिथे माझ्या लक्षात आलं की अक्का दोन्ही हात हलवून बोलतायत. म्हणजे पाठीखाली कुणाचाच हात नव्हता. असे सहा रविवार झाले. काठावर कपडे धुणाऱ्या बायका माझी प्रगती बघून आपापसांत मत द्यायच्या, आणि अक्का ती मतं मला कानडीतून मराठीत करून सांगायच्या, काही न गाळता.

सातव्या रविवारी त्या म्हणाल्या की पुढच्या शर्यतीत त्याही नाव घालणार. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. अर्ज मीच भरला. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं या रकान्यात त्यांनी माझं नाव सांगितलं, आणि मी माझ्या अर्जात त्यांचं लिहिलं. दोघंही त्या वेळी एकाच तलावात असणार, हे नंतर आयोजकांनी लक्षात आणून दिलं. मुलाचं नाव त्यांना नको होतं. नागेशला त्यांनी सांगितलं होतं की सकाळी वॉकिंगला जाते.

पोशाखाचा प्रश्न देवराज मोहल्ल्यातल्या त्यांच्या नेहमीच्या शिंप्याकडे सुटला. बाजारात मिळणारे अंगाला चिकटणारे सूट बघून अक्का म्हणाल्या होत्या, हे घालायचं की लावायचं? मी शिंप्याला फोनवर चित्र दाखवलं. त्याने ते दोन बोटांनी मोठं केलं, लहान केलं, आणि गंभीरपणे विचारलं की आतून अस्तर लावायचं का. शेवटी गडद निळं, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याखाली पाय, आणि गळ्याला बारीक पिवळी पट्टी, कारण पट्टीशिवाय त्याच्या दुकानातून काही बाहेर जात नसे. अस्तर आम्ही नको म्हटलं होतं. त्याने लावलंच.

ते अस्तर दुसऱ्या शर्यतीत पाण्याने फुगलं आणि अक्का तलावातून बाहेर आल्या तेव्हा प्रत्येक पायात एकेक घागर असल्यासारख्या चालत होत्या. पण आल्या, आणि मीही आलो. अख्खं अंतर त्या माझ्या बाजूने मान वर काढून बोलत राहिल्या होत्या, आणि बोंब मारायची सवड मला मिळालीच नाही. पुढे मात्र त्यांनी घोटाळा केला. सोसायटीच्या काळातली त्यांची ती बास्केटवाली लेडीज सायकल, हेल्मेटखालून मोगऱ्याचा गजरा बाहेर आलेला, आणि वाटेत प्रत्येक स्वयंसेवकाची चौकशी. नाव काय, गाव कुठलं, सकाळी काही खाल्लंस का. एका टेबलावर केळी ठेवली होती. ती त्यांनी दाबून पाहिली, ही नंजनगूडची नव्हेत असं सांगितलं, आणि चांगलं केळं कसं ओळखायचं ते तिथल्या दोन मुलींना समजावलं. परतताना रस्त्याकडेला ताजी वांगी दिसली. ती बास्केटमध्ये आली.

धावण्याचं अंतर त्या निम्मं चालल्या असतील तेव्हा वेळ संपली. अडीच तासांची मुदत होती. त्या पोचल्या तोवर कमान उतरवून तिची हवा काढत होते. एक तरुण आयोजक नम्रपणे म्हणाला, आंटी, तुमचा निकाल लागणार नाही, पण तुम्ही सगळ्यांना प्रेरणा दिलीत. अक्कांनी विचारलं, "पदक?" तो म्हणाला, ते वेळेत पूर्ण करणाऱ्यांना. "हौदा," त्या म्हणाल्या. असं का, एवढाच त्याचा अर्थ. घरी येताना सबंध वाटेत एक शब्द नाही. दोन दिवस जिन्यातून नळाचीही हाक आली नाही. मला वाटलं होतं, त्यांच्यासाठी ही एक गंमत आहे. तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर त्या त्याच वांग्यांची भाजी परतत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "प्रेरणा कुणाला पाहिजे, अप्पा? मी शर्यतीला गेले होते."

त्यानंतर त्यांनी तयारी केली तशी मी आजवर कुणाला करताना पाहिलेलं नाही. अस्तर उसवलं. बास्केट काढली. रोज पहाटे धावायला लागल्या, धावणं म्हणजे भरभर चालण्याच्या जरा पुढे. आणि मोसमातल्या शेवटच्या शर्यतीला गाडीतच त्यांनी जाहीर केलं की आज बोलणं साकु, बंद. शर्यत संपेपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलणार नाही. मी म्हणालो, मग माझं पोहणं कसं होणार? त्या म्हणाल्या, गोष्ट तुला पाठ आहे, तू आपली आपल्याला सांग.

मी खरोखर सांगितली. वऱ्हाड आहेर देईपर्यंत मी अर्धा तलाव पार केला होता. तेवढ्यात मागून एका मुलीचा रडका आवाज आला. वीस-बावीसची असेल, वाट दाखवायला दोरीने बांधून ठेवलेला नारिंगी फुगा दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती, आणि होडी लांब होती. अक्का तिच्या पलीकडून पुढे गेल्या होत्या. मी पाहिलं, त्या थांबल्या. क्षणभर किनाऱ्याकडे बघितलं, वळल्या आणि मागे गेल्या. पुढे माझ्या कानावर इतकंच आलं, कानडीत, "माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं..."

मी माझी शर्यत संपवून कमानीपाशी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एकट्याच्या बळावर पूर्ण केली होती, आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. ती मुलगीही आली, पाणी पिऊन माझ्याशेजारी उभी राहिली. तिने सांगितलं, आजींनी मला काठापर्यंत आणलं आणि मग अर्धवट गोष्टीत सोडून पळाल्या. वऱ्हाडाचं पुढे काय झालं? मी म्हणालो, थांब. मुदतीला सात मिनिटं उरली, पाच उरली. मग वळणावर ती पिवळी पट्टी दिसली. अक्का धावत होत्या. तोंड घट्ट मिटलेलं, चेहरा लाल, वाटेतले स्वयंसेवक हात हलवत होते आणि त्या एकाकडेही बघत नव्हत्या. त्यांना ते किती जड जात होतं ते मला ठाऊक होतं. तीन मिनिटं राखून कमानीखालून आल्या. आयोजकाने पदक गळ्यात घातलं तेव्हाही गप्पच. खुर्चीवर बसल्या, दम घेतला, मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तर नवरीकडचे लोक रस्त्यावर उभे."

या गोष्टीला दोन महिनेही झाले नव्हते आणि नागेशचा तो फोन आला. तेराव्याला लष्कर मोहल्ल्यातल्या घरी पन्नास-साठ माणसं होती, आणि मी कुठेही उभा राहिलो की मागे कुजबूज. या वयात पळणं, पोहणं, कुणी नादी लावलं. माझं ते स्वतःशी आधीच हजारदा म्हणून झालं होतं. जेवणं आटोपल्यावर नागेश मला बाजूला घेऊन गेला. आईच्या फोनमध्ये त्याने फोटो पाहिले होते. मी त्याला सगळं सांगितलं, तलाव, केळी, दोन दिवसांचं मौन, काही न लपवता. शेवटी म्हणालो, माझ्यामुळे झालं असेल तर तसं सांग. त्याने आईचा फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "डॉक्टरांना मी विचारलं. खुर्चीत बसूनही झालं असतं." आणि थोड्या वेळाने, "मला ती वॉकिंग म्हणाली होती."

मग तो मला देवघरात घेऊन गेला. तिथे नंजनगूडच्या नंजुंडेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या, तसबिरीवर, फुलांच्या माळेच्या जोडीला, ते पदक घातलेलं होतं. सकाळी गुरुजींनी हे काय म्हणून विचारलं होतं आणि नागेशला सांगता आलं नव्हतं. गुरुजींनी ते उतरवलं, बाकीच्या देवांबरोबर धुतलं, पुसलं, गंध लावलं आणि परत होतं तिथे घातलं. ते आजही तिथेच आहे. दर सोमवारी मी खाली जाऊन दिवा लावतो, किल्ली नागेशने माझ्याकडे ठेवली आहे. पदकाची पट्टी माणसाच्या गळ्याच्या मापाची, तसबिरीला खरं तर फार लांब व्हायला हवी होती. पुसायला म्हणून एकदा मी ती मागे फिरवून पाहिली. अक्कांनी पट्टीला दुमड घालून बारीक टाके घातले होते, देवाच्या मापाचे.