शेपटाला ‘ङे’ म्हणणारी एवुल

आमच्या डोंगरातल्या सान मातेओ गावात मीठ विकणाऱ्या बायका चिकार आहेत, पण एवुलच्या टोपलीपुढे लोक थांबत ते मिठापेक्षा तिच्या शिव्या ऐकायला. खाऱ्या झऱ्याचं पाणी उकळून काढलेलं काळपट मीठ ती विकायची आणि घासाघीस करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा आमच्या चुह भाषेत उद्धार करायची. साठी उलटली होती. नवरा गास्पार बहिरा होता. खरंच बहिरा की सोयीपुरता, हे गावाला कधी कळलं नाही.

आमच्या बोलण्यात एक आवाज आहे. तुमच्या मराठी शाळेच्या तक्त्यावरचा ङ, जो पोरं गिळून पुढे पळतात, तोच. आम्ही शब्दाची सुरुवातच त्याने करतो. शेपटाला आम्ही ‘ङे’ म्हणतो, आणि ते ऐकून शेजारच्या गावांचे लोक नाक दाबून हसतात. एवुल लहान असताना मास्तरने तर तिचं नाक चिमटीत धरून तिला स्पॅनिश बोलायला लावलं होतं. ती त्याला चावली. शाळा तिथेच संपली.

पुढे एकदा सिस्तो त्सुल नावाचा विद्यापीठातला, किचे भाषा बोलणारा माणूस गावात आला. आपल्या तीसेक माया भाषा म्हणजे सख्ख्या-चुलत बहिणी, असं त्याचं म्हणणं. चार हजार वर्षांपूर्वी सगळ्यांची आई एकच होती. तिचं बोलणं कोणी लिहून ठेवलं नाही, म्हणून लेकींचे शब्द शेजारी शेजारी मांडायचे आणि आई काय म्हणत असेल ते काढायचं. त्यासाठी वेवेतेनांगो शहरात दोन आठवड्यांचं शिबिर होतं.

“मेलेल्या बाईचं बोलणं तिच्या पोरींना विचारून काढणार?” एवुल म्हणाली. “पोरी खोटं बोलतात. माझ्या तीन आहेत.”

तरी ती गेली. तीन वेळचं जेवण होतं आणि गास्पारचं घोरणं नव्हतं.

पहिल्याच दिवशी शेपटाचा शब्द निघाला. सिस्तो स्वतः किचे. त्याने फळ्यावर आपला ‘हे’ लिहिला. कान्होबाल बोलणाऱ्या बाईने ‘ने’ सांगितला. एवुलने ‘ङे’ म्हटलं तशी मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली. सिस्तोने सगळ्यांच्या वर एक तारा काढला आणि ताऱ्यापुढे लिहिलं, ‘ङे’.

“तारा कशाला?” एवुलने विचारलं.

“म्हणजे हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, मावशी. आईच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. अंदाजाने काढलंय.”

“मग मी आत्ता काय पादले?”

हशा ओसरल्यावर सिस्तोने मोडक्यातोडक्या चुहमध्ये समजावलं. “एकीकडे ह, दुसरीकडे न. एकातून दुसरा निघणं अवघड. पण मुळात ङ होता असं धरलं, की दोन्ही वाटा जुळतात. असे खूप शब्द आहेत. तो आवाज आम्ही घालवला, मावशी. तुम्ही ठेवलात.”

एवुलने मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, “हेच स्पॅनिशमध्ये सांगा. मोठ्याने. मागच्या बाकाला.”

त्याने सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती आणि हात नाकावर होता.

त्यानंतर मात्र बाई हवेत गेली. कुठलाही शब्द निघो, हिचाच सगळ्यात जुना. गाईची पाळी आली तेव्हा छाती पुढे काढून म्हणाली, “वाकाश! माझ्या पणजीची पणजीसुद्धा वाकाशच म्हणायची.”

“मावशी, गाय स्पॅनिश लोकांनी बोटीतून आणली,” सिस्तो म्हणाला. “शब्दही त्यांचाच. वाकास.”

सगळ्या वर्गात हशा पिकला. एवुलने दोन दिवस तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

शेवटच्या दिवशी सिस्तोने आईच्या भाषेत एक वाक्य जुळवलं: कुत्र्याच्या शेपटात ऊ आहे. त्याने ते वाचलं आणि एवुलला म्हणायला लावलं. ती म्हणाली आणि थबकली.

“ह्यात ‘नोक’ कुठाय? जनावराच्या नावाआधी आम्ही ‘नोक’ लावतो.”

“ते फार नंतर आलं असावं. आईच्या काळी नव्हतं.”

“म्हणजे कुत्रा जनावर आहे हे तिला ठाऊकच नव्हतं? आणि चार हजार वर्षांनी बाईला बोलतं केलंत, तर ती उवांबद्दल बोलते?”

सिस्तोने खडू खाली ठेवला आणि तो पोट धरून हसत सुटला.

गावी परतल्यावर बाजारात तिच्या शेजारी बसणारी सूतवाली कातारिना सापडली. कातारिना कान्होबाल, शेपटाला ‘ने’ म्हणणारी आणि एवुलच्या ‘ङे’ला वर्षानुवर्षं हसत आलेली. एवुलने सगळं ऐकवलं आणि वर म्हणाली, “आता माफी माग. आईचा आवाज माझ्याकडे आहे.”

कातारिनाने सुताची लडी गुंडाळता गुंडाळता विचारलं, “चार हजार वर्षं? आणि तेवढ्या काळात तुम्हाला तो सोडायला जमलं नाही होय गं?”

एवुलने शिवी द्यायला तोंड उघडलं. पण ती इतकी हसली की टोपली कलंडली, आणि दोघी गुडघ्यांवर बसून मीठ गोळा करत राहिल्या.

सिस्तोचं पुस्तक पाच-सहा वर्षांनी छापून आलं. तोवर एवुलचे गुडघे गेले होते, म्हणून तो स्वतः प्रत घेऊन डोंगर चढून गावात आला. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्याला चुलीपाशी बसवलं, हातात मक्याच्या गरम आतोलचा पेला दिला आणि आपले शब्द एकेक करून वाचायला लावले. अकरा ठिकाणी तिने चुका काढल्या. त्यातल्या सहा त्याने मुकाट्याने लिहून घेतल्या, आणि उरलेल्या पाचांवरून दोघं दिवेलागणीपर्यंत भांडत बसले.