पायथ्याचे सर

समोर कोणी आलं की आमचे भूगोलाचे सर आधी त्याच्या पायांकडे बघायचे. तोंड नंतर. मुख्याध्यापक असोत, शिक्षण खात्याचे साहेब असोत, नाहीतर वर्गात नवीन आलेलं मूल असो, नजर खाली जायची, चपलेवर थांबायची आणि सर म्हणायचे, "ह्यानं चालवणार नाही."

मला तर हे रोज ऐकावं लागायचं. लालबागच्या त्या शाळेत मी गणित शिकवत होते. जन्म गिरगावात गेला. डांबरी रस्ता आणि फुटपाथ सोडून कुठे पाय ठेवावा असं मला कधी वाटलं नाही, आणि पातळ पट्ट्यांच्या चपलांवर माझं सगळं आयुष्य व्यवस्थित निभावलं. "सर, मला सातवी ब पर्यंत जायचंय, हिमालयात नाही," असं मी ऐकवायचे. ते हसायचे. त्यांच्या हसण्याचा मला आणखी राग यायचा.

तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेलच. बारा महिने तीच खाकी पँट, गळ्यात शिट्टी, खिशात शेंगदाणे. शिकवता शिकवता खिडकीबाहेर घार दिसली की अख्खा वर्ग खिडकीत. शेजारच्या वर्गात मी फळ्यावर प्रमेय मांडत असायचे आणि भिंतीपलीकडून "ए, वळली बघ, वळली!" असा गलका. मी तावातावानं जाऊन दार वाजवलं की सर म्हणायचे, "दोनच मिनिटं, बाई. तुम्हीपण या ना." आणि बघायचं काय, तर घार! लालबागच्या मासळी बाजारावर घारींचा काय दुष्काळ पडला होता?

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत नवराबायको आणि दोन मुली. मुलींना नद्यांची नावं ठेवलेली. लग्न झाल्यावर लोक महाबळेश्वरला जातात. ह्या गृहस्थानं नव्या नवरीला शिवडीच्या खाडीवर नेलं, चिखलात उभे असलेले पक्षी बघायला. ती बिचारी कोकणातली, जन्मापासून खाडीच बघत आलेली. "आमच्या गावचा चिखल ह्याच्याहून बरा होता," असं तिनंच मला एकदा सांगितलं. रविवारी सर मुलींना घेऊन कोळीवाड्यात मासे आणायला जायचे, तेसुद्धा ओहोटीची वेळ साधून. खडकांतले खेकडे आणि शिंपले दाखवून झाल्यावर मासे घ्यायचे. तोवर घरी वाटलेला मसाला सुकून जायचा. बायको आदळआपट करायची, आणि सर तिची समजूत काढायला आणलेली सुरमई स्वतः साफ करायला बसायचे. सुरमईची जी काही चटणी व्हायची, ती सगळे निमूट जेवायचे.

मुलींच्या वेण्यासुद्धा तेच घालायचे. बायको सकाळी लवकर कामावर जायची म्हणून. वेण्या एक वर, एक खाली. दोघी तशाच आमच्या शाळेत यायच्या, आणि कोणी हसलंच तर मान ताठ करून सांगायच्या, "बाबांनी घातल्यात." मी त्या मधल्या सुट्टीत सोडून पुन्हा घालून द्यायला गेले तर थोरलीनं डोकं मागे घेतलं. इतका अभिमान मला माझ्या पदव्यांचाही वाटला नाही.

आता त्या गडाचं सांगते. इतर शाळा सहलीला वॉटर पार्कला जायच्या. आमची आठवी दर जानेवारीत गडावर. कसाऱ्याच्या पुढे नाशिकच्या अंगाला तो गड आहे. नाव सांगणार नाही. सांगितलं तर येत्या रविवारी तुम्ही तिथे फोटो काढायला जाल. शेवटच्या टप्प्याला कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्या आहेत आणि एका बाजूला सरळ दरी. दरवर्षी त्या पायऱ्यांखाली कोणीतरी मूल पाय गळून बसायचंच. मग बाकीच्यांना पीटीचे सर आणि गावातला वाटाड्या वर घेऊन जायचे, आणि आमचे सर त्या मुलाजवळ बसून राहायचे. "घाबरलेल्याला एकटं ठेवायचं नाही," हा त्यांचा नियम. त्यामुळे झालं असं की, पोरांच्या एवढ्या तुकड्या त्या गडावर नेणारा हा माणूस स्वतः एकदाही माथ्यावर पोचला नव्हता.

वरून एकेक मूल उतरायला लागलं की सर उठून उभे राहायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "वरून काय दिसलं?"

"एवढी हौस आहे तर सुट्टीत एकटे जाऊन या की," असं मी स्टाफरूममध्ये म्हणाले होते.

"एकट्यानं जाऊन काय करू, बाई? दाखवू कोणाला?"

मी वह्या तपासायला घेतल्या.

निवृत्तीच्या वर्षी मात्र त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "ह्या वर्षी माथा. काही झालं तरी." गुडघ्यांनी तक्रार सुरू केली होती, पुढच्या वर्षी शाळाही नाही आणि पायही नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. बायकोनं डबाभर लाडू दिले. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत जो तो "सर, माथा बरं का!" म्हणून त्यांना निरोप देत होता. सगळ्या शाळेनं ते मनावर घेतलं होतं. त्यातच मुलींबरोबर जाणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी माझं नाव घातलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सहलीच्या पहाटे सरांनी माझ्यासमोर कॅनव्हासचे बूट ठेवले. धाकट्या मुलीचे जुने, धुतलेले. अगदी मापाचे होते. इतकी वर्षं लोकांचे पाय बघितल्याचा निदान एवढा तरी उपयोग झाला.

त्या वर्षी पाय गळाले ते शाळेच्या कबड्डी संघातल्या एका दांडग्या मुलीचे. बसमध्ये सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. पायऱ्या समोर आल्या, तिनं एकदा दरीत बघितलं आणि मटकन खाली बसून हंबरडाच फोडला. बाकीच्या मुली कधीच वर निघाल्या होत्या. सर माथ्याकडे बघत उभे होते. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"तुम्ही जा, सर," मी म्हटलं. "मी बसते हिच्याजवळ. मला कुठे हौस आहे वर जायची?"

सरांनी त्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नको, बाई. तुम्ही ओरडाल तिला."

ओरडले असते, ह्यात शंका नाही. तेवढ्यानं तरी ती उठली असती, असं मला आजही वाटतं. पण सर तोवर तिच्या शेजारी टेकले होते आणि खिशातून शेंगदाणे काढत होते. "जा तुम्ही. मुली पुढे गेल्यात," असं म्हणून त्यांनी मला हातानंच वर पिटाळलं.

अशा रीतीनं ज्याला माथा हवा होता तो खाली बसला, आणि जिला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं ती वर पोचली. वर होतं काय? शेवाळलेलं पाण्याचं टाकं, माकडं, आधीच्या लोकांनी टाकलेली वेफर्सची पाकिटं आणि चारी बाजूंना पांढरी धूसर हवा. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आमची पोरं एका कोपऱ्यात कुजबुजत होती. "सरांना काय सांगायचं माहितीये ना? तुमची चाळ दिसली."

मी त्यांना तिथेच फैलावर घेतलं. "इथून वरळी दिसते? आणि तुम्हांला भूगोल शिकवतात ते!"

"दरवर्षी सांगतात, बाई," एक मुलगी म्हणाली. "माझ्या ताईनंपण सांगितलेलं. सरांना माहितीये दिसत नाय ते. तरी विचारतात."

उतरताना मी सगळ्यांच्या मागे होते. खाली ती कबड्डीवाली डोळे पुसून खदाखदा हसत होती आणि सर एकेकाला विचारत होते. पोरं बेधडक सांगत होती: चाळ दिसली, चाळीचं मैदान दिसलं. माझं उत्तर मी तयार ठेवलं होतं. काही दिसत नाही, नुसता कचरा आहे. माझी पाळी आली. सरांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"बूट लागले का हो?"

बस. पुढे काही नाही. पोरासोरांना विचारतात आणि मला विचारायची गरज वाटली नाही, हे मला फार लागलं. बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढे गुडघे गेले, मग हृदयाचं दुखणं निघालं. चाळ रिकामी झाली, पाडली गेली आणि त्यांना नव्या टॉवरमध्ये पार वरच्या मजल्यावर घर मिळालं. मी भेटायला गेले तेव्हा खिडकीतून समुद्र दिसत होता.

"घ्या सर, मिळाला की बसल्या जागी गड."

"लिफ्टनं गाठलेला गड कसला, बाई?" असं म्हणून ते हसले, पण खुर्ची खिडकीकडे पाठ करूनच ठेवलेली होती. ती आमची शेवटची भेट.

शोकसभेला परळचा हॉल भरला होता. व्यासपीठावर मोठा फ्लेक्स. त्यावर आमचे सर चक्क बर्फाच्या शिखरावर उभे. मुंडकं त्यांचं, धड कोणाचं तरी. जन्मात ह्या माणसानं बर्फ पाहिला तो कोळीवाड्यातल्या माशांवरचा. एक माजी विद्यार्थी उठला, चार इमारती बांधून मोठा झालेला. "सरांनी तो गड किती वेळा पायाखाली घातला ह्याला गणती नाही," म्हणाला. पुढचा म्हणाला, "ते माथ्यावरून हाक मारायचे आणि आम्ही धावत चढायचो!" टाळ्या. हाच पायऱ्यांखाली सरांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता, असं मी ऐकून होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी माईकवर एवढंच म्हणाले, "सर त्या गडावर कधीही चढले नाहीत. ते खाली बसायचे. तुमच्यापैकी कोणाकोणाजवळ, ते तुम्हांला माहीत आहे."

मग सूत्रसंचालक पुढे आला आणि म्हणाला, "बाईंना भावना अनावर झाल्या आहेत." आणि पुन्हा टाळ्या.

सरांच्या बायकोला मी टॅक्सीनं घरी सोडायला गेले. मुली मागून येणार होत्या. वर गेल्यावर तिनं मला बसवलं आणि स्वतः खिडकीशी उभी राहिली. खाली जिथे चाळ होती तिथे आता खड्डा आणि क्रेन.

"बरं केलंत, सांगितलंत," ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं. घरी येऊन सगळं सांगायचे. पोरं काय काय म्हणाली तेसुद्धा. वरून आपली चाळ दिसते म्हणायचे."

मी उठून तिच्याजवळ खिडकीशी गेले.

"शेवटच्या वर्षी तुम्ही वर गेला होतात ना? मी ह्यांना म्हटलं, बाईंना विचारलंत का? तर म्हणाले, छाती झाली नाही. त्या खरं ते सांगतील." ती माझ्याकडे वळली. "खरंच दिसत होती का हो?"

चुकीच्या उत्तराला मी नोकरीभर अर्धा गुणसुद्धा दिलेला नाही. पोरं मला त्यावरून नावं ठेवायची, आणि मला त्याचं सुख वाटायचं.

"दिसत होती," मी म्हटलं.

"आमची खिडकी?"

"खिडकीसुद्धा. बाहेर कपडे वाळत होते."

तिनं खालच्या खड्ड्याकडे बघितलं.

"सहलीच्या दिवशी मी रजा घेऊन सगळं धुणं काढायचे," ती म्हणाली. "माझी हिरवी साडी असणार."

"हिरवीच होती," मी म्हटलं.